वैधतेच्या फायलीत न मावलेला माणूस

प्रिय सोनू,

तुझं जात वैधता प्रमाणपत्र आलं, घरात पेढे वाटून झाले आणि लगेच तुझा फोन आला, ‘आत्या, आता ती पत्र्याची पेटी रिकामी कर. कामाचे कागद सगळे स्कॅन झाले. उरलेली रद्दी आहे.’ तेव्हा मी काही बोलले नाही, कारण शेजारी दादा बसला होता आणि तो तुझ्या बाजूचा निघाला असता. म्हणून सवडीने लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण आपल्या झाडीपट्टीत अशी पेटी घरोघरी असते आणि पोरांची वैधता झाली की घरोघरी ती रिकामी होते.

आधी तुझ्या फायलीचं बोलू. अर्जावर सह्या तू केल्यास, पण कागद मी आणि दादाने गोळा केले, त्यामुळे कोणता कागद कुठून आला हे तुला ठाऊक नाही. आपण धीवर, भटक्या जमातींच्या यादीतले. आपल्यासाठी मानीव दिनांक 21 नोव्हेंबर 1961. त्याच्या आधीचा, बापाकडच्या रक्ताच्या नातलगाचा, जात स्पष्ट लिहिलेला कागद लागतो. शेजारच्या गोंडांना हीच तारीख 6 सप्टेंबर 1950 आहे, तेल्या-कुणब्यांना 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे आपल्याकडे ज्या पोरीला नर्स व्हायचंय किंवा इंजिनिअर, तिच्या घरच्यांना आधी इतिहास संशोधक व्हावं लागतं. 2023 साली मराठा-कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा टीव्हीवाले ‘कोतवाल बुक’, ‘मोडी वाचक’ हे शब्द नवलाने उच्चारू लागले. आपल्याकडच्या बायाबापड्यांना ते केव्हाचे पाठ आहेत.

कुणब्या-कोहळ्यांचा शोध जमिनीपासून सुरू होतो. त्यांच्याकडे जुन्या बंदोबस्ताची मिसल असते, 1954-55 चा अधिकार अभिलेख असतो, त्यात पणजोबाचं नाव असतं. चांदा जिल्ह्याचा पहिला मोठा बंदोबस्त मेजर लूसी-स्मिथने 1860 च्या दशकात केला आणि 1869 मध्ये अहवाल लिहिला. शेतं मोजली, तलाव मोजले, मालगुजार नेमके कोण ते लिहिलं. तलावात जाळं टाकणाऱ्याचं नाव लिहायचं काही कारण नव्हतं, कारण त्याच्याकडून सारा यायचा नव्हता. पाणी मालगुजाराचं, मासळीत वाटा मालगुजाराचा, जाळं तेवढं आपलं. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारीचे म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. मामा आले तरी आपल्या नावावर गुंठाभर जमीन आली नाही. 1909 च्या चांदा गॅझेटिअरमध्ये जाती आहेत, रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जाती-जमातींच्या चार खंडांत ‘धीमर’ म्हणून अख्खं प्रकरण आहे. त्यात आपली जात सापडते, आपलं माणूस सापडत नाही.

माणूस सापडला कोतवाल बुकात. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी ठाण्यावर द्यायचा. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, बस. बाळाचं नाव नसायचं, बारसं व्हायचं असायचं. आईचं नाव नसायचं, ते कुणी विचारायचंच नाही. मृत्यूच्या रकान्यात बाई असेल तर ‘अमक्याची बायको’, वय आणि कारण: ताप, हगवण, देवी. माझ्या आजोबांची आई अशीच सापडली. साल 1918, कारण ताप. त्या पानावर वरपासून खालपर्यंत तापच ताप आहे. ती इन्फ्लुएंझाची साथ होती. देशात मध्य प्रांताला तिचा फटका सर्वांत जास्त बसलेल्या भागांत गणतात, आणि ठाण्यावरच्या वहीत त्या साथीला वेगळं नाव नव्हतं. माझ्या या पणजीच्या मरणाची तारीख त्या वहीने सांगितली, तिचं नाव मात्र कुठल्याही वहीत नाही. ते माझ्या आत्याला माहीत आहे. त्यावर मी पुढे येते.

तुझ्या फायलीतला खरा वजनदार कागद म्हणजे तुझ्या आजोबांचा शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा. त्यात जात ‘धीवर’ अशी, अक्षर सुवाच्य. जन्मतारीख 1 जुलै. नोकरीभर मी स्वतः ते रजिस्टर लिहीत आले, म्हणून सांगते, जुन्या गुरुजींच्या लेखी अख्खं गाव 1 जुलैला जन्मलेलं असायचं. आजोबांचा जन्म कधीचा हे त्यांच्या आईने वेगळ्या तऱ्हेने सांगून ठेवलं होतं: नागपंचमीला चिमूर पेटलं, त्याच्या अलीकडच्या उन्हाळ्यात, मोह वेचायच्या दिवसांत. चिमूरचा उठाव 16 ऑगस्ट 1942 चा. म्हणजे आजोबा त्या साली मार्च-एप्रिलमध्ये जन्मले. शाळेच्या नोंदीपेक्षा मोहाची नोंद खरी.

आणखी एक गंमत. चांदा जिल्हा, चंद्रपूर जिल्हा, 26 ऑगस्ट 1982 पासून गडचिरोली जिल्हा. वर मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, 1956 पासून मुंबई राज्य, 1960 पासून महाराष्ट्र. आजोबा गाव न सोडता इतकं फिरले. त्यांच्या दाखल्यावर ‘मध्यप्रदेश शासन’ असा शिक्का पाहून एका कार्यालयात आम्हाला विचारलं, तुम्ही तिकडून कधी आलात? दादा चिडला होता. मी त्या साहेबांना विदर्भाचा इतिहास सांगितला, त्यांनी चहा मागवला. एका कागदावर धीवर, दुसऱ्यावर ढिवर, तिसऱ्यावर भोई, हे समजावता समजावता तो चहा गार झाला.

आता मुद्द्याकडे येते. फायलीतली वंशावळ बघ. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, दादा, मी, तू. मी त्यात आहे, कारण मी बापाकडची. माझा शाळेचा दाखला तुझ्या फायलीला लागला. तुझ्या आईचा लागला नाही, लागू शकत नव्हता. माझा दाखला माझ्या स्वतःच्या मुलांच्या कामाचा नाही, त्यांना त्यांच्या बापाकडचे कागद. एक मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग बापाचं नाव लिहायचं असा निर्णय महाराष्ट्र सरकारने केला. चांगलं झालं. पण तो पुढच्यांसाठी आहे. मागच्या बायांसाठी कुठलंही परिपत्रक निघणार नाही, त्यांचं परिपत्रक आपल्यालाच काढावं लागेल.

बायांपेक्षाही जास्त बाहेर राहिलेला एक माणूस आहे. तू जी रद्दी म्हणालीस ती त्याचीच.

पेटीच्या तळाशी तारेत ओवलेली कार्डं आहेत ना, गंजाचे डाग पडलेली? पूर्वी आढ्याला अशी आकडीची तार टांगलेली असायची, आलेलं पत्र वाचून झालं की तिला टोचायचं. चुलीच्या धुराने कार्डं पिवळी पडली, पण त्या धुरानेच वाळवी दूर राहिली. त्यांच्यासोबत मनिऑर्डरची कूपनं आहेत. पाठवणाऱ्याचं आडनाव आपलं नाही, म्हणून तुला ती कुण्या परक्याची वाटली. ती मोठेबाबांची आहेत.

तुझ्या आजोबांच्या आईने आपल्या घरात पाट लावला होता. पहिला नवरा तापाने गेला, कडेवर एक पोरगा होता, त्याला घेऊन ती इकडे आली. तेच मोठेबाबा. असा पोरगा म्हणजे गेलड. रक्त वेगळं, कूळ वेगळं, म्हणून वंशावळीत त्याला जागा नाही. नियमाने ते बरोबरच आहे, तुझ्या प्रतिज्ञापत्रात खोटं काही नाही. पण मोठेबाबा 1950 च्या दशकात बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला लागले. याच जंगलांतला बांबू तिकडे जाऊन कागद होऊन निघायचा. तिथून त्यांनी महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर केली. कूपनावर दोन ओळींची जागा असायची. त्यात प्रत्येक वेळी एकच धोशा, धाकट्याचं नाव शाळेतून काढू नका. धाकटा म्हणजे तुझे आजोबा. त्या वयाची आपल्यातली पोरं डोंग्यावर नाहीतर कोशाच्या राखणीला जायची. आजोबा सातवीपर्यंत शाळेत टिकले. ते टिकले म्हणून दाखल-खारिजमधली नोंद पूर्ण आहे, जात लिहिलेला दाखला आहे, आणि तुझी वैधता आहे. ज्याच्यामुळे वंशावळ सिद्ध झाली, तो वंशावळीत नाही. मी पेटी रिकामी करणार नाही, त्याचं कारण हे.

पत्रांबद्दल आणखी एक सांगते, वाचताना उपयोगी पडेल. ती मोठेबाबांच्या हस्ताक्षरात नाहीत. त्यांना सहीपुरतं येत होतं, कार्डं कारखान्यातला कुणी सोबती लिहून द्यायचा. म्हणून सुरुवातीचं क्षेमकुशल सगळ्या कार्डांवर सारखं आहे आणि अक्षर मात्र बदलत जातं. ‘पत्रास कारण की’च्या पुढे त्यांचा आवाज सुरू होतो. दुसरं म्हणजे या गठ्ठ्यात जन्म आहेत, लग्नं आहेत, बैल आहेत, उसनवारी आहे, मरण एकही नाही. आपल्या घरात मयताचं पत्र वाचलं की दारातच फाडायचे. त्यामुळे घरचे कागद वाचले तर आपल्यात कुणी मेलंच नाही असं वाटेल, आणि सरकारी बुक वाचलं तर आपण फक्त जन्मलो आणि मेलो असं. दोन्ही शेजारी ठेवले तर एक घर दिसायला लागतं.

पेटीत खाली कोशाच्या पावत्याही आहेत. आपल्या आरमोरीच्या बाजूला धीवर तलावावर राहतो तसा जंगलातही राहतो. ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळायच्या, पाखरांपासून दिवसभर राखायच्या, कोसे काढून विकायचे. त्यासाठी जंगल खात्याची परवानगी, त्याची फी, तिची पावती. तू म्हणशील, या पावतीचं आता काय? 2006 चा वनहक्क कायदा वाच. जे आदिवासी नाहीत पण पिढ्यानपिढ्या जंगलावर जगतात, त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. हिशेब 1930 पर्यंत जातो. त्या कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत टसर आणि कोसे आहेत, सामूहिक हक्कांत निस्तार आहे, पाण्यातली मासळी आहे. 1930 च्या आसपासची एक पावती, एक कोतवाल बुकाची नक्कल, ही आपल्या गावाच्या दाव्याची पानं आहेत. तू ज्याला रद्दी म्हणालीस त्यावर उद्या ग्रामसभा उभी राहू शकते.

या कायद्याच्या 2008 च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, ती मला फार आवडते. त्यात गॅझेटिअर आणि बंदोबस्ताचे अहवाल आहेत, तशी वंशावळही आहे. जुनी विहीर पुरावा आहे, मसणवट पुरावा आहे, देवस्थान पुरावा आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं सांगणं, तोही पुरावा आहे. धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखा या गोंडांच्या गावाला 2009 साली 1809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. नंतर गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. त्यातल्या कितीतरी दाव्यांमागे कुणीतरी म्हाताऱ्यांसमोर वही घेऊन बसलं होतं.

हे उपयोगाचं झालं. पण उपयोग नसता तरी मी पेटी ठेवलीच असती. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांमधली दप्तरं गोळा करत, त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड झाले. त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्या वह्यांत उतरवलेल्या आहेत. गोंडांचे परधान किंगरी वाजवून कुळांच्या कथा गात आले. आपल्याकडे वाडा नव्हता, त्र्यंबकला जायला पैसा नव्हता आणि गाणारा परधान नव्हता. ज्यांच्यासाठी कुणी वही घातली नाही, त्यांनी आपली वही आपणच घातली पाहिजे.

तेव्हा आता काम सांगते. तुला शिकवायची सवय लागलेली बाई मी, ऐकून घे.

फोनवर स्कॅन केलंस ते पुरेसं नाही. तू कामाचा भाग कापून घेतलास, कडा, मागची बाजू, टपालाचा शिक्का सोडून दिलास. कार्डाची तारीख बऱ्याचदा शिक्क्यावरच असते. खिडकीपाशी सावलीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजू, सगळ्या कडांसकट फोटो काढायचे. फाईलला नाव द्यायचं: साल, कुणी, कुणाला. एक प्रत तुझ्याकडे, एक दादाकडे, एक तिसऱ्याच गावी.

काहीही लॅमिनेट करायचं नाही. गरम प्लॅस्टिक एकदा चिकटलं की निघत नाही आणि कागद आत करपत जातो. सेलोटेप नको, स्टेपल नको. तार काढून टाकायची, पण आधी कार्डांचा क्रम लिहून घ्यायचा, कारण ओवण्याचा क्रम म्हणजे येण्याचा क्रम. धुतलेल्या मलमलीत गठ्ठे, गठ्ठ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं, बॉलपेनने नाही. कडुलिंबाचा पाला कोरडा करून पुरचुंडीत घाल, सुटा घातला तर डाग पडतात. पेटी विटांवर ठेवायची, भिंतीपासून हातभर दूर, टिनाच्या छपराखाली नाही. पावसाळ्यात उघडायची नाही. दसरा झाला, हवा कोरडी पडली की सावलीत वारा द्यायचा. दादाच्या हल्लीच्या पावत्यांची झेरॉक्स करून ठेव, तो थर्मल कागद थोड्याच वर्षांत कोरा होतो.

घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायला घे. माझी आत्या ऐंशीच्या पुढे गेली आहे. पणजीचं नाव, तिचं माहेर, मोठेबाबांना कुणी चिडवलं आणि कुणी जवळ केलं, मालगुजाराच्या तलावावर वाटा कसा पडायचा, हे सगळं तिच्यापाशी आहे. तिला ‘वंशावळ सांग’ म्हटलं तर ती गप्प बसेल. तिला विचार, तुझ्या आईचं बाळंतपण कुणी केलं, लग्नात जेवायला काय होतं, मरळ कोणत्या तलावात जास्त मिळायची, कोशाच्या रानात रात्री कोण कोण असायचं. माणसं आपोआप येतील. रेकॉर्ड करताना सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते बोलून ठेव. दोन माणसांनी दोन तऱ्हेने सांगितलं तर दोन्ही ठेव, जुळवून एक करू नकोस. आणि तिने काही सांगून ‘हे लिवू नको बाई’ म्हटलं, तर लिहायचं नाही. तेवढा मान मोठ्या पुस्तकापेक्षा मोठा आहे.

मग दुसरी वंशावळ काढू. तिच्यात सुनांची माहेरं येतील, लेकी जिथे दिल्या ती गावं येतील. आजोबांच्या शेजारी, त्यांच्याच ओळीत, मोठेबाबा येतील. ही कुठल्या समितीपुढे ठेवायची नाही, त्यामुळे तिच्यात कुणाला जागा द्यायची हे आपण ठरवू.

दिवाळीनंतर गावची मंडई आहे. रात्रभर नाटक असतं, सगळे पाहुणे येतात, म्हाताऱ्यांना बोलतं करायला त्याहून चांगले दिवस नाहीत. पण तू त्याच्या दोन दिवस आधी ये. आपल्या पेटीत मोठेबाबांनी पाठवलेली पत्रं आहेत, आपण त्यांना पाठवलेली नाहीत. ती बल्लारपूरला त्यांच्या घरी गेली. तुझ्या आजोबांनी शाळेत लिहायला शिकल्यावर पहिलं कार्ड त्यांनाच धाडलं होतं, असं माझी आत्या सांगते. त्यांची नातवंडं तिथेच आहेत, आणि कित्येक वर्षांत आपण त्यांच्या दारी गेलेलो नाही. त्यांच्याही घरी कुणी एव्हाना पेटी रिकामी करायला निघालं असेल. आपण दोघी जाऊ, कार्डांची चौकशी करू, आणि कार्डं मिळोत न मिळोत, त्यांना मंडईचं आवतन देऊन येऊ.

तुझी,
आत्या